पुढचे दोन दात

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझ्या भावाचं घर पाहिलेलं नाही. त्या घरात निम्मं पोट दातांवर भरतं आणि उरलेलं निम्मं बसवर. भाऊ कवळ्या करतो आणि भावजय बस चालवते.

भावाला घरात सगळे बाळ्या म्हणतात. वय बेचाळीस, डोक्यावर केस मोजून मापून, आणि आहेत त्यांत कायम प्लास्टरची पूड. दवाखान्यात बसून लोकांना आ करायला लावते ती डॉक्टरीणबाई. ती तोंडाचा ठसा घेऊन ह्याच्याकडे पाठवते. मग हा मागच्या खोलीत बसून ठशात प्लास्टर ओततो, जबडा तयार झाला की त्यावर गुलाबी मेणाची हिरडी बसवतो आणि मेणात एकेक दात रोवत जातो. ही मेणाची कवळी आधी माणसाच्या तोंडात लावून बघतात. माणूस हो म्हणाला, की मगच मेणाच्या जागी पक्की हिरडी येते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी त्याची थोरली बहीण, वरच्या मजल्यावर राहते. तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसून लोकांशी डोकं लावलंय, त्यामुळे माझी जीभ जरा चालते. ज्याला सोसत नाही त्याने जिना चढू नये. मी मात्र रोज तो जिना उतरते, गुडघे ओरडत असतात तरी, कारण खाली दोन पोरं आहेत आणि बाळ्याला हात दोनच आहेत.

थोरली सहा वर्षांची. तिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो, कारण ती दूध प्यायच्या आधीसुद्धा दोन्ही बाजू ऐकून घेते. धाकटा साडेतीन वर्षांचा, तो ढब्बू. तो ऐकून घेत नाही, थेट करून मोकळा होतो.

भावजय पहाटे पाचला बाहेर पडते. त्यामुळे सकाळ म्हणजे बाळ्याचा कारभार. एका डोळ्याने दुधावर लक्ष, दुसऱ्या डोळ्याने कुणाच्या तरी दाढेवर. अंडी उकडत ठेवायची आणि तेवढ्यात दोन दात बसवायचे. मग अंड्यांखालचं पाणी आटून भांडं करपतं, आणि बाळ्या म्हणतो, दात मात्र छान बसले. दात घासण्याचं तर विचारू नका. लोकांना दात पुरवणाऱ्या माणसाची पोरं, पण ब्रश बघितला की ढब्बू पलंगाखाली. बाळ्याने एकदा युक्ती केली. प्लास्टरचा जबडा समोर ठेवला आणि म्हणाला, हे बघ, असे घासायचे. तेव्हापासून ढब्बू रोज इमानेइतबारे प्लास्टरच्या जबड्याचे दात घासतो. स्वतःच्या दातांना हात लावू देत नाही.

मागच्या खोलीतल्या फळीवर असे वीसपंचवीस जबडे ओळीने मांडलेले असतात. पोरांना त्यांची भीती वगैरे काही नाही. जबड्यांचं दुकान मांडतात, जबड्यांची शाळा भरवतात, ढब्बू त्यांना ब्रेडचे तुकडे भरवतो. एकदा कुणा बाईंच्या जबड्याबरोबर मुंगीही दवाखान्यात पोचली होती. बाळ्या चिडत नाही. त्याच्या जागी मी असते, तर दोघांना एव्हाना फळीवर बसवलं असतं. तो फक्त चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "ताई, हे दिवस परत येत नाहीत गं." मग मी काय बोलणार.

पण हे दिवस संपायची वेळ आलीच होती, आणि त्याला कारण झाले एक पोस्टमन.

पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, कमी बोलणारे. दोन वर्षांपूर्वी त्यांचे वरचे सगळे दात गेले. बोळक्याने दीड वर्ष काढलं आणि मग कुठे दवाखान्याची पायरी चढले. बाळ्याने त्यांच्यासाठी कवळी केली. त्यांनी मेणाची लावून बघितली, आरशात पाहिलं, आणि काढून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली. म्हणाले, "हे माझे दात नाहीत."

बाळ्याने दुसरी केली, दात जरा आखूड घेतले. हे माझे नाहीत. तिसरी केली, रंग पिवळट घेतला, कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला मोत्यासारखे दात कुठून शोभणार. तरी तेच, हे माझे नाहीत. मी म्हटलं, "अरे, त्यांचे नाहीतच ते. तू केलेत. एवढं साधं त्यांना कुणी समजावत का नाही?" पण बाळ्याला ते लागलं होतं. रांग इतकी सरळ, एकही दात मागेपुढे नाही, आणि माणूस नाही म्हणतो. तो चौथी करायला बसला तेव्हा जेवतानाही तिसरी ताटाशेजारी ठेवून न्याहाळायचा.

त्यातच डॉक्टरीणबाईंनी निरोप दिला. बाई कामाला चोख आहेत, मनाने वाईट नाहीत, पण बोलतात ते तुकडा तोडल्यासारखं. म्हणाल्या, "हे चौथं. हेही परत आलं, तर पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे येऊन बसायचं, नऊ ते सहा. घरी पोरं सांभाळत दात होत नाहीत."

निम्म्याहून जास्त काम बाईंचंच, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. नऊ ते सहा म्हणजे ढब्बू पाळणाघरात आणि थोरली शाळा सुटल्यावर माझ्याकडे. मी आनंदाने सांभाळीन, तो प्रश्न नाही. पण त्या रात्री पोरांना झोपवून बाळ्या वर आला, माझ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, मला जायचं नाही." एवढंच म्हणाला. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. मी त्याला केळं दिलं. आमच्या घरी सांत्वन असंच करतात.

आता थोरलीचं ऐका. ह्याच्या पंधरा दिवस आधी तिचे वरचे पुढचे दोन दात पडले, एकाच आठवड्यात. बाळ्याने ते धुऊन, पुसून एका डबीत ठेवले आणि डबीवर गिऱ्हाइकांच्या डब्यांवर लावतो तशी चिठ्ठी लावली, 'थोरली, वरचे दोन'. त्यावर तारीखसुद्धा. पण दात पडल्यापासून पोरगी शाळेत तोंड उघडेना. कुणीतरी चिडवलं असणार. घरात अखंड बडबड आणि शाळेत मुकी. शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली, मुलगी उत्तरं देत नाही.

तिने बापापुढे दावा मांडला. "बाबा, तुम्ही सगळ्यांना दात करता. शेजारच्या आजीला केले. त्या टक्कलवाल्या काकांना केले. मग मला का नाही?"

"तुझे येणार आहेत, राणी. खरे. वाट बघ."

"किती दिवस?"

"दोनतीन महिने."

"पोस्टमन आजोबांना तर तुम्ही चार वेळा केले. त्यांना नको आहेत तरी."

बाळ्या चष्मा पुसायला लागला. मी माझ्या विणकामात डोकं खुपसलं, कारण तिचं म्हणणं मलाही पटलं होतं.

तर तो दिवस. साडेतीन वाजता पोस्टमन दवाखान्यात यायचे होते. बारा वाजता दवाखान्याचा माणूस येऊन डबा घेऊन जाणार होता. चौथी कवळी रात्रीच तयार होऊन टेबलावर उघड्या डब्यात बसली होती. बाळ्या रात्री दोनदा आणि सकाळी एकदा ती बघून समाधान पावला होता. दुसऱ्या कामासाठी त्याने वाडगाभर प्लास्टर कालवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनाच विचारायचं होतं, साडेतीन नक्की ना. नक्की, नक्की म्हणून बाळ्या परत येतो, तर वाडगा रिकामा.

ढब्बूने सगळं प्लास्टर बाळ्याच्या चांगल्या बुटात ओतलं होतं. एकुलते एक चांगले बूट. "जबडा करतोय," म्हणाला. प्लास्टर काही कुणासाठी थांबत नाही. मी खाली पोचले तेव्हा बाळ्या बूट उलटा धरून हातोडीने ठोकत होता, ढब्बू शेजारी बसून तो फुटायची वाट बघत होता, आणि थोरलीला शाळेला उशीर होत होता. ती मागच्या खोलीतून आली, दप्तर पाठीवर, तोंड गच्च मिटलेलं. मला वाटलं, शाळेत जायचं म्हणून फुगली आहे. मी तिला हाताला धरून पोचवून आले. वाटेत एक शब्द बोलली नाही. मलाच तेव्हा संशय यायला हवा होता.

बारा वाजता माणूस आला. बाळ्या अजून बुटाशीच झटत होता. त्याने नुसतं हात लांब करून डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्या माणसाला दिला. एरवी तो डबा देण्याआधी दिव्याखाली धरून बघतो. वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

सव्वातीनला मी थोरलीला घरी आणलं. वाटेत ती भरभरून बोलत होती. शाळेत तीनदा हात वर केला, कविता म्हटली, सगळं सांगत होती. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी आपली खूश. दारातून आत शिरली आणि बापाकडे बघून हसली.

बाळ्याच्या हातातली हातोडी खाली पडली.

मीही वाकून जवळून बघितलं. एवढ्याशा चेहऱ्यात दोन मोठ्ठे, रुंद, पिवळट दात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचे दात. दुसऱ्या कुणाला नुसतं विचित्र वाटलं असतं. बाळ्याने रंग ओळखला.

"हे कुठून घेतलेस?" तो एकदम हळू आवाजात म्हणाला.

"डब्यातून." थोरलीने दात काढून तळहातावर घेतले. मागे मेणाचा गोळा होता, त्यात तिच्या बोटांचे ठसे. "मेण मुठीत धरलं की मऊ होतं. जेवताना झाकणात काढून ठेवले होते, आजोबा लोक ठेवतात तसे. आणि बाबा, मी चोरी नाही केली. मी माझे दिले बदल्यात."

"माझे म्हणजे?"

"डबीतले. वरचे दोन. तिथेच लावले. शेजारच्या दाताला टेकवून लावले, पडू नयेत म्हणून."

बाळ्याचा चेहरा त्याच्या प्लास्टरसारखा झाला. मी पोरीला म्हटलं, "गिळले असतेस म्हणजे? अक्कल गहाण ठेवलीस का?" पण माझं कोण ऐकतंय. घड्याळात तीन वीस झाले होते. एक बूट अजून भरलेलाच होता, म्हणून बाळ्या घरातल्या सपातांवरच निघाला. ढब्बू एका काखेत, थोरली दुसऱ्या हाताला, आणि मागे मी, एका गुडघ्याला दुसऱ्याची समजूत घालायला लावत. दोन गल्ल्या आहेत, पण त्या दिवशी दहा वाटल्या.

दवाखान्यात पोचलो तर पोस्टमन खुर्चीत बसलेले. डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या, हात धूत होत्या. डबा उघडा. रिकामा.

"तोंडात घालू नका," बाळ्या दारातूनच म्हणाला.

"घातली," तिथला माणूस म्हणाला. "बाई वळायच्या आत आजोबांनी स्वतःच घातली."

पोस्टमन हातातल्या आरशात बघत होते. मला आता पुढचं सगळं दिसू लागलं. अपमान, पाळणाघर, नऊ ते सहा. म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची. पोस्टमन बघतच राहिले. ओठ वर केला. आमच्या थोरलीचे दोन इवलेसे पांढरे दात, आणि ते दोन्हीकडे सरकल्यामुळे बरोबर मधे एक फट. त्यांनी जीभ त्या फटीला लावून बघितली. मग ओठ आवळले. आधी नुसती हवा आली.

आणि मग शिट्टी आली. आधी एक आखूड, मग एक लांब.

बाई ओल्या हातांनी वळल्या. "कोणी वाजवली?"

"मी," पोस्टमन म्हणाले. "हे आहेत माझे दात." आणि आरसा मांडीवर ठेवून म्हातारा रडायला लागला.

मग हळूहळू कळलं. त्यांच्या पुढच्या दातांत जन्मापासून फट होती. चाळीस वर्षं टपाल वाटलं, ते फाटकाफाटकाशी त्या फटीतून शिट्टी वाजवत. घरी परतताना स्वतःच्या फाटकाशी मात्र वेगळी, एक आखूड, एक लांब. बायको आतून ओळखायची. आता तिला जवळजवळ दिसत नाही. दात गेल्यापासून शिट्टी नाही आणि आवाजही बदलला. दारात पाऊल टाकलं की ती रोज दचकते आणि विचारते, कोण आहे. दोन वर्षं रोज ते स्वतःच्या घरात, मी आहे, मी आहे, असं सांगत शिरतात.

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?" बाई म्हणाल्या.

"काय सांगू? ह्या वयात तुमच्यासमोर बसून म्हणू, की मला शिट्टी वाजवायची आहे?"

बाईंनी कवळी हलकेच काढून घेतली, दिव्याखाली धरली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे दुधाचे दात आहेत."

मला वाटलं, आता बाळ्या काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. मी नेली असती. तो म्हणाला, "चूक माझी आहे. मी डबा न बघता दिला. घरात पोरांची गडबड होती."

"चूक नाही," थोरली म्हणाली. दात तिच्या मुठीत होते आणि बोळकं तोंड सताड उघडं. "अदलाबदल केली. आता माझे मला परत द्या."

बाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बाळ्याच्या सपातांकडे, एकदा ढब्बूकडे. ढब्बू तोवर त्यांच्या फळीवरच्या जबड्याचे दात बोटाने घासत होता. 

"हेही परत जाणार," बाई म्हणाल्या. बाळ्याने मान खाली घातली. "पण ह्या वेळी मी पाठवते आहे. दात मोठे घ्या आणि मधली फट अशीच ठेवा. मापून घ्या, केसभरही फरक नको." मग पुन्हा हात धुवायला वळल्या आणि भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "नऊ ते सहाचं मी बोलले होते ते राहू द्या. कुणी शहाणं माणूस घरी असलेलं बरं."

पोस्टमननी थोरलीला जवळ बोलावलं. "तुझे दात पडल्यापासून शिट्टी येते का?" तिने वाजवून बघितली. नुसती थुंकी उडाली. "येईल," ते म्हणाले. "ही फट आहे तोवर शिकून घे." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळी सहापासून फुस्स फुस्स चालू आहे. शाळेतही वाजवते म्हणे. तिथल्या बाईंची पुन्हा चिठ्ठी आली, ह्या वेळी उलटी तक्रार. भावजयीला सगळं सांगितलं तेव्हा ती जेवता जेवता इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग उठून तिने बाळ्याच्या डोक्यावरची पूड झटकली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. तो बूट मात्र गेला तो गेलाच. ढब्बूने आतला जबडा फळीवर मांडला आहे.

बाळ्याने पोस्टमनची कवळी आठ दिवसांत पक्की केली. हल्ली तो प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जुना फोटो मागतो, हसतानाचा. वीस वर्षं नुसती रांग सरळ करत बसलो, म्हणतो.

कवळी बसवली त्या संध्याकाळी पोस्टमन म्हणाले, माझ्याबरोबर फाटकापर्यंत चला. एकट्याने धीर होत नव्हता बहुतेक. आम्ही सगळे गेलो. ढब्बू बाळ्याच्या खांद्यावर, थोरली पुढे. फाटकाशी ते थांबले, टोपी सारखी केली आणि वाजवली. एक आखूड, एक लांब.

आत काही हललं नाही. बाळ्याने माझा हात घट्ट धरला, लहानपणी धरायचा तसा. मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यांच्या बायकोचा म्हातारा, अगदी साधा, जरासा रागावलेला आवाज.

"आलात का? केवढा उशीर केलात आज."

"हो," पोस्टमन म्हणाले. "जरा उशीर झाला खरा." आणि फाटक उघडून आत गेले.